कुणाच्या हातची खिचडी

माय,

उद्या सकाळी मला बिलोलीकडच्या एका शाळेत जायचंय. काम तसं साधं आहे, लेकरांच्या दुपारच्या जेवणाचं. पण भीती वाटतेय, आणि ती कुणाला सांगावी याचा विचार करायला बसले तर तूच समोर आलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता नीट आठवत नाही, बोलणं मात्र शब्द न् शब्द आठवतं. लातूर जिल्हा झाला त्या साली तू गेलीस. गावात लोक पेढे वाटत होते, आता उस्मानाबादला खेटे घालायला नकोत म्हणत होते, आणि तू अंथरुणावरून विचारलंस, "जिल्हा झाल्यावर आपल्या वस्तीतल्या हापशाला पानी येतंय का, ते इचार की कुनाला तरी." सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तू खरंच विचारत होतीस. यंदा त्याच लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. तू असतीस तर मला पुन्हा कुणाकडे तरी विचारायला पिटाळलं असतंस.

परभणीला शिकायला तूच पाठवलंस, पुढचं काही पाहिलं नाहीस. मी आता धर्माबादच्या एका डाळ मिलमध्ये माल तपासते. आलेली तूर, निघालेली डाळ, तिच्यातली ओल, कीड, खडा, सगळं माझ्या टेबलावरून पुढे जातं. एकदा कुणाच्या तरी कामासाठी एका शाळेत गेले होते, तिथे वरण शिजत होतं. मूठभर डाळ हातात घेऊन पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या मिलची चुणी गुरांना जाते, ती परवडली, अशी ती डाळ होती. तेव्हापासून मी शेठच्या मागे भुणभुण लावली. शाळांना आपली निवडलेली डाळ द्या, शेंगदाण्याचे लाडू द्या, मोठा कुकर द्या, रांधणाऱ्या बायांना महिन्यातून एकदा मिलमध्ये बोलवून स्वच्छतेच्या दोन गोष्टी सांगा. शेठ आधी नुसते मान हलवायचे. मग त्यांना पेपरात फोटो येईल असं कुणीतरी सांगितलं आणि ते राजी झाले. मला त्या फोटोचं काही वाटत नाही. उलट, फोटो छापून आल्यावर खराब डाळ पाठवायची हिंमत होत नाही, हा त्याचा फायदाच आहे. काही शाळांत ते चांगलं चाललंय. लेकरं वरण मागून घेतात. हे बघताना मी मुद्दाम भिंतीला टेकून उभी राहते, कारण मला रडू येतं आणि ते मॅडमला शोभत नाही.

आता या शाळेचं ऐक. दुष्काळ आहे म्हणून सुट्टीतही जेवण चालू ठेवायचं ठरलंय. मोठी माणसं कामाला बाहेर आहेत, घरात म्हातारी आणि लेकरं, आणि बऱ्याच घरांत दुपारची चूल पेटतच नाही. अशा वेळी त्या शाळेत जेवणारी लेकरं कमी कमी होत गेली. मी बघायला गेले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष भले गृहस्थ वाटले. स्वतःच्या विहिरीचं उरलंसुरलं पाणी गावाला देणारे. त्यांनी मला चहा पाजला, खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या मिलमधी बायका रांधतेत म्हणं, कामगारायचं जेवण. मग हितं कशाला चूल? पाण्याची ही अशी बोंब. तुम्ही तिकडूनच गाडीतून पाठवून द्या. डब्यात बंद, स्वच्छ, मशिनीचं. सगळे लेकरं खातील, माझी गॅरंटी हाय."

मला हे पटलं होतं, माय. खोटं कशाला बोलू. गाडीची वाट, डब्यांची संख्या, खिचडी गरम राहील का, असं सगळं मी मनात मांडायलाही लागले होते. मग स्वयंपाकखोलीत डोकावले. रांधणारी बाई नवी होती. आधीची म्हातारी लेकाकडे हैदराबादला गेली, तेव्हापासून ही. पातेलं उन्हात पालथं घातलेलं, खोली चकचकीत, आणि बाई पायरीवर बसून तंबाखू मळत होती. मी विचारलं, लेकरं का येत नाहीत? ती म्हणाली, "येऊन राहिलेत की. माझ्या वस्तीतले येतेत." एवढंच. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "गाडी येनार म्हणं. ती मशीन कुण्या वस्तीतली हाय, ते इचारलं का त्यायनं?"

मागे वळून पाहिलं, हेडमास्तर दूर होते, तेव्हा हळूच तिला जय भीम म्हटलं. तिनंही आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मगच परत म्हटलं. स्वतःच्या शाळेच्या पायरीवर बसून ती इकडेतिकडे बघते आणि मिलमध्ये टेबलखुर्ची असलेली मीही बघते, याचा मला इतका संताप आला की परतीच्या वाटेवर ड्रायव्हरला उगाच दोनदा झापलं.

आणि मग ती सुकडी आठवली. तुला वाटेल, मी ती कधी विसरले होते? नव्हते विसरले. पण आठवणं आणि अंगावर येणं यात फरक आहे.

बहात्तरच्या दुष्काळात तू गावात सांगितलं होतंस की सडकेच्या कामावर खडी फोडायला जाते. जात होतीस लातूरच्या तेलगिरणीत. शेंगा आल्याच नव्हत्या, घाणे बंद होते, म्हणून गिरणीवाल्यानं शाळांत वाटायच्या सरकारी सुकडीचं काम घेतलं होतं. मला एकदा बरोबर नेलंस, घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून. मी दारातच बसले आहे. आत भट्टीवर एवढाली कढई, आणि तू पदर खोचून पीठ भाजते आहेस. घाम गळू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलंय. गुळाचं पाणी पडलं की कढई चरचरते आणि तू मागे सरतेस, पुन्हा पुढे होतेस. मुकादम येऊन म्हणतो, "गावात बोंबलू नका गं कुणी. माल वापस आला तर सगळ्यायचं काम जाईल." बायका हो म्हणतात. त्यात आपल्याच लोकांच्या जास्त होत्या. उन्हाच्या दिवसांत भट्टीपुढं उभं राहायला दुसरं कोण येणार होतं?

गावाजवळ आलं की तू थांबायचीस. ओढ्याच्या कोरड्या पात्रातली माती घेऊन हाताला चोळायचीस, कोपरापर्यंत. गुळाचा वास जावा आणि हात खडीचे दिसावेत म्हणून. मला हे इतकं नेहमीचं वाटायचं की सगळ्यांच्या आया असंच करत असतील असा माझा समज होता. कधीमधी कढईची खरवड पदराच्या टोकाला बांधून आणायचीस. ती मला दार लावून खायला द्यायचीस आणि मी खात असताना दाराशी उभी राहायचीस.

आणि शाळेत दुपारी तीच सुकडी यायची, पोत्यावर सरकारी शिक्का. आमची रांग दाराजवळ. गुरुजी इतरांना हातात द्यायचे, आमच्या ओंजळीत वरून टाकायचे. तुझ्याच हातची सुकडी, माय, माझ्या ओंजळीत वरून पडायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. भूक लागलेली असायची आणि एक कणही खाली पडू नये याकडे सगळं लक्ष. एकदा पुढच्या रांगेतली एक मुलगी, शेतकऱ्याघरची, बोटं चाटत म्हणाली, "लई ग्वाड हाय गं. कोन करत आसंल?" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी नुसती हसले. घरी येऊन तुला मोठ्या कौतुकानं सांगितलं की आज मी सांगणारच होते.

तू माझी हनुवटी धरलीस. जोरात. "आज ती पोरगी खाऊन ऱ्हायली न्हवं? उद्या तिच्या घरी कळलं तर तिला हात लावू देतेल का? आन् तिच्या घरात तरी काय शिजतंय आता? उपाशी ऱ्हाईल ते लेकरू. तुला त्येवढ्यानं मोठेपना मिळनार हाय का?" मी रडायला लागले. मग तू हनुवटी सोडलीस आणि एकदम हसायला लागलीस. "येडी. सारं गाव माझ्या हातचं खातंय आन् कुनाला ठाव न्हाई. आपुन दोघींनाच ठाव. बास की."

ते हसणं मी आयुष्यभर चघळत आले. कधी वाटतं तुला खरंच मजा वाटत होती, सगळ्या गावाला फसवल्याची. कधी वाटतं तू मला समजावण्यासाठी हसलीस. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, आणि मग जिल्हा झाला आणि तू गेलीस.

आता तुझ्या लक्षात आलं असेल मी कशाला घाबरते ते. आमच्या मिलच्या स्वयंपाकघरात रांधणाऱ्या बायका कोण आहेत माहीत आहे? दोघी आपल्याच. कुणी मुद्दाम निवडल्या नाहीत, काम मिळालं तशा आल्या. म्हणजे गाडी गेली तर ते गाव पुन्हा त्याच हातचं खाणार, डब्याचं झाकण बघून. लेकरांची पोटं भरतील. शेठचा फोटो येईल. ज्यासाठी मी दोन वर्षं धडपडले तो कार्यक्रम यशस्वी म्हणून गाजेल, आणि त्या पायरीवरच्या बाईला दुसऱ्या दिवशी सांगतील की आता चूल नाही, तू घरी बस. कुणी तिला वाईट बोलणार नाही. पाण्याचं कारण सांगतील.

मी शेठना म्हटलं, गाडी पाठवायचीच तर पाण्याची टाकी आणि डाळ घेऊन जाऊ दे, शिजवेल ती बाई. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, मला तुमच्या भानगडीतलं काही कळत नाही. लेकरं जेवली पाहिजेत. पातेलं भरून तसंच राहिलं तर मिलचं नाव जाईल." ते काही चूक बोलत नव्हते. रिकाम्या पोटच्या लेकराला माझी तत्त्वं काय खायची आहेत? हाच प्रश्न तू मला माझी हनुवटी धरून विचारला होतास. तेव्हाही दुष्काळ होता, आताही आहे. मग दुष्काळ नसेल तेव्हा बोलायचं का? आणि तो कधी नसतो, आपल्याकडे?

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणाली असतीस, गप ऱ्हा, लेकरं खाऊन ऱ्हायलेत न्हवं.

म्हणून आता खरं सांगते. वर मी असं लिहिलंय, जणू तुझा सल्ला घेतेय. सल्ला घेण्यासारखं काही उरलेलं नाही. काल सकाळी शेठ कसेबसे राजी झाले आणि दुपारी मी त्या अध्यक्षांना फोन केला. पाण्याची टाकी आणि डाळ परवा येतेय, खिचडी तुमच्याच शाळेत शिजेल, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, गाडीचं काय झालं? आणि मी सांगून टाकलं. गाडीतलं जेवण ज्या बायका रांधतात त्याही त्याच समाजाच्या आहेत, आणि मीपण. मग ते अगदी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखे म्हणाले, "मॅडम, हे कशाला सांगितलं? न सांगता झालं असतं की."

त्यांचं बोलणं रागाचं नव्हतं. ते तुझ्यासारखं होतं.

आता गाडीही गेली आणि चुलीचाही भरवसा नाही. मी एका फोनमध्ये दोन्ही दारं बंद करून बसलेय. त्या बाईलाही मी विचारलं नाही, हे करू का म्हणून. उद्या ती खिचडी रांधेल, आणि मग आम्ही दोघी दाराकडे बघत उभ्या राहू. कदाचित येतील लेकरं. भूक आहे, खिचडीचा वास गावभर जाईल, कुणी एक आलं तर बाकीची येतील. कदाचित एकही येणार नाही, आणि कुठल्या तरी घरात एक पोरगी दुपारभर उपाशी बसेल, माझ्या खरं बोलण्यापायी. तू जिची काळजी केली होतीस ती.

आजवर तुला मनातल्या मनात किती पत्रं लिहिली आणि ती तुला पोचत नाहीत म्हणून किती रडले. हे पोचणार नाही याचं मात्र आज बरं वाटतंय.