वायर लावायचं काम माझं

चि. चिमणीस, काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत, नोकरी आणि गॅलरीतली रोपं (जगली असतील तर) ठणठणीत असावीत. मी मजेत आहे. गुडघा बोलतो, पण घरात कुणीतरी बोलायला हवंच. पत्र हाताने लिहितोय, कारण ईमेलचा नवा पासवर्ड संगणकाला आठवत नाही आणि मलाही.

परवा फोनवर अर्धवटच सांगितलं. हार्ड डिस्क गेली. त्याआधी ती बरेच दिवस घरघरत होती. मला वाटलं, शेजाऱ्यांचा मिक्सर. (शेजारी घर सोडून गेलेत, हे नंतर लक्षात आलं.) दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली आणि विचारलं, बॅकअप आहे का. मी छाती फुगवून कपाटातून तो काळा डबा काढला. तुझी मावशी होती तेव्हापासून दर रविवारी न चुकता घेतो, असंही ऐकवलं. त्याने डबा जोडून पाहिला आणि मलाच बसायला स्टूल पुढे केलं. शेवटचा बॅकअप दोन वर्षांपूर्वीचा होता.

अगं, एकही रविवार चुकवला नव्हता मी. पण आमच्यात कामाची वाटणी होती. डबा आणून वायर लावायचं काम माझं. मग मावशी खुर्चीत बसून काहीतरी करायची, मी पेपर वाचायचो, ती 'झालं हो' म्हणाली की वायर काढून डबा फडक्यात गुंडाळायचो. ती गेल्यावरही मी माझं काम सोडलं नाही. वायर लावायचो, निळा दिवा लुकलुकायचा, पेपर वाचून व्हायचा, वायर काढायचो. मधलं काम कुणीच करत नव्हतं, हे मला कोण सांगणार?

दोन वर्षांचं सगळं गेलं म्हणून दुरुस्तीवाला हळहळला. मीही हळहळलो, पण काय गेलं ते काही केल्या आठवेना. विजेची बिलं असतील, आणि खिडकीत येणाऱ्या मांजराचे फोटो. मांजर अजून येतं.

संगणक मात्र दोन वर्षं मागे जाऊन सुरू झाला. पडद्यावर मधोमध तिची पिवळी चिठ्ठी. (मी त्याच्यासमोर बसलो की मला हाका ऐकू येत नाहीत, म्हणून ती तिथेच लिहून जायची, तुला ठाऊक आहे.) 'दूध गॅसवर ठेवलंय. उठा.' मी उठलो. चांगला स्वयंपाकघरात जाऊन गॅसचं बटण चाचपलं. बंद होतं. पातेलंही नव्हतं. दुरुस्तीवाल्याला वाटलं मी चहा टाकायला गेलो, म्हणून मग टाकला. तो गेल्यावर कितीतरी वेळ त्या चिठ्ठीसमोर बसून होतो. फार आठवण आली गं.

तू म्हणालीस, तिथूनच सगळं साफ करून नव्याने लावून देते. घाई करू नकोस. बाकी ठीक.

तुझा,
काका

ता. क. चिठ्ठी पुसायची नाही. पुन्हा डिस्क गेली तरी ती राहिली पाहिजे, म्हणून मधलं काम मला शिकव. फोनवर नको, इथे येऊन. दुरुस्तीवाला म्हणतो, पाच मिनिटांचं काम आहे. तू आठवड्याची रजा काढ, मी सावकाश शिकेन.

ता. क. २. एवढं लिहीपर्यंत गॅसवरचं दूध उतू गेलं. पडद्यावर सकाळपासून लिहिलेलं होतं, तरी मी उठलो नाही.