बाबांच्या फितींचा डबा

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. आहेतच, पण आज ते नाइलाजाने.

तुझा डबा पोचला. फोनवर भांडले तर आईला ऐकू जातं, म्हणून लिहिते. बाबांनी आपल्या दोघांच्या लहानपणी सिनेकॅमेऱ्याने काढलेल्या फिती आईच्या खोलीतल्या टीव्हीवर लागाव्यात, एवढंच मी तुला सांगितलं होतं. आजचे चेहरे तिला ओळखता येत नाहीत. मला ती बऱ्याचदा अहोजाहो करते. पण फोटोतली फ्रॉक घातलेली मी तिला बरोबर ओळखू येते, आणि मग थोडा वेळ ही समोरची म्हातारीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, हेही फार दिवस टिकणार नाही. म्हणून माझी घाई.

आणि तू पाठवलास कुठल्याशा ऑफिसातला वापरलेला कॉम्प्युटर. मी झाकण काढलं. आत धुळीची करडी गोधडी, पंख्याला कुणाचे तरी लांब केस गुंडाळलेले, कोपऱ्यात वाळलेलं झुरळ, अंड्यांसकट. सगळ्याला शिळ्या सिगारेटचा वास. बुडाशी कुणी चघळलेलं च्युइंगम चिकटवून ठेवलंय. पस्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, नाही नाही ते पाहून जेवले आहे, पण आज ताट झाकून ठेवलं. बहिणीसाठी एक नवा घेता आला नाही तुला? चौकातल्या दुकानात छान पांढरे डबे आहेत.

हात तीनदा धुतलेत. तरी कागद हुंगू नकोस.

तूर्त फक्त नात्याने तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार लांबूनच, नाहीतर आधी हात धुवायला लावशील.

च्युइंगम माझं नव्हे, एवढं आधी सांगतो. दिवसभर ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडतो, त्यामुळे असल्या डब्यांची घाण मला नवी नाही. झुरळाकडे मीच बघायला हवं होतं, चुकलं. पण तो पांढरा डबा दिसायला नवरदेव आणि आत दम नाही. एक फीत लावली की धापा टाकतो, आणि त्यात पुढे काही घालायची सोय नाही. हा जुना ऑफिसवाला कळकट असला तरी वीज बेताची खातो, आवाज करत नाही, आणि चित्रं दाखवायची ताकद त्याच्या प्रोसेसरमध्येच आहे. आपल्या ऐपतीत याहून बरा मिळत नाही. कोरड्या ब्रशने झाड, पाणी लावू नकोस.

सोबत फिती उतरवलेली हार्ड डिस्क पाठवतो. खाचेत सरकवायची, की झालं. तुला टाके घालता येतात, हे तर काहीच नाही. फितींना बुरशी आली होती. उतरवून झाल्यावर दुकानदाराने त्या फेकून दिल्या. माझ्या कामाच्या मशीनवरची प्रत साहेबांनी पुसायला लावली. दुसरी डिस्क पुढच्या महिन्यात घेतो, तोवर ही एकच आहे, जप. हीसुद्धा वापरलेलीच, मटणाच्या दुकानातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची. मी तपासली आहे, ठणठणीत आहे. नाक मुरडू नकोस.

आईला माझा नमस्कार सांग. मी कोण ते विचारलं, तर सांग, खोडकर तो.

तुझा ओरडा खायला सदैव हजर,
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

बाबांना तू मटणाच्या दुकानात नेऊन ठेवलंस. डिस्कच्या कडेला तपकिरी डाग होता. तो कसला, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. वरून पुसली, पण वरवर पुसून मी आयुष्यात कधी पट्टी बांधलेली नाही. खालच्या घड्याळवाल्याकडून बारीक चांदणीच्या तोंडाचा पेचकस आणला आणि डिस्क उघडली.

खोटं कशाला बोलू, आत कुठे कण नव्हता. आरशासारखी तबकडी. तिच्यात मी माझी टिकली नीट केली. तरी संशय नको म्हणून कापसाने स्पिरिट लावून पुसून घेतली, वाळू दिली आणि सगळे स्क्रू होते तसे घट्ट बसवले. आता बाबा स्वच्छ जागी आहेत.

तू सांगितलंस तसं सगळं जोडलं. पडद्यावर काही येत नाही. आतून कुणी नखाने टकटक करावं तसा आवाज येतो. कोणतं बटण राहिलं ते लगेच कळव. आई केस विंचरून सकाळपासून टीव्हीसमोर बसली आहे.

वाट पाहणारी,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. पुढचं कसं लिहावं कळत नाही.

बटण राहिलेलं नाही. ती तबकडी तुझ्या थिएटरहून स्वच्छ जागेत बंद करतात, कारण धुळीचा एक कणही तिला सोसत नाही. तू तिच्यावरून कापूस फिरवलास. तुझं पत्र घेऊन मी दोन जाणकारांकडे गेलो. एकाने वाचून घडी घालून परत दिलं. दुसरा म्हणाला, डिस्क पाठवायची तसदी घेऊ नका. फिती गेल्या, ताई.

तू स्वतःला काही बोलायच्या आत माझं ऐक. डिस्क उघडू नकोस, हे मी लिहिलं नाही. आणि गिऱ्हाइकांना मी रोज दरडावतो, की एकाच डिस्कवर कधी विसंबू नका. स्वतःच्या बापाच्या वेळी मात्र पुढच्या महिन्यावर ढकललं. काल एका गिऱ्हाइकाला तेच सांगायला लागलो आणि वाक्य अर्धं टाकून उठलो. तुला त्या झुरळाची वाटली नसेल एवढी किळस मला माझी वाटते आहे.

मी आईला काय सांगू?

धाकटा


२७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. या वेळी मनापासून.

तू काही सांगू नकोस, मी सांगितलं. दोन दिवस माझे हात मला बघवत नव्हते. पोळी लाटताना त्यांना स्पिरिटचा वास येतो असं वाटायचं, शिसारी यायची. काल आईच्या पायाशी बसून सगळं सांगून टाकलं. फिती होत्या, मी पुसल्या, आता नाहीत.

तिने ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि दाराकडे बघत, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, की अहो, हे माझ्या मुलीला कळू देऊ नका. ती फार टापटिपीची आहे, पण मनाने हळवी आहे. तिला सोसणार नाही.

मी कबूल केलं. तिने माझ्याकडून शब्दही घेतला.

डब्याचं नंतर बघू. तू ये.

तुझी,
ताई