पन्नासचा गोळा

पिंपळी
बुधवार, सुट्टीचा दिवस

प्रिय आत्या,

सगळ्यात आधी हे ऐक. माझ्या पोटात गोळा नाही. नागेशदादा, पत्र तिला तूच वाचून दाखवणार, तर हे वाक्य दोनदा वाच आणि तिचा चेहरा बघूनच पुढे सरक. मागच्या आठवड्यात आबांनी तुला फोनवर सांगितलं, की नंदी गोळ्याच्या मागं लागलीय, जेवणाकडंसुद्धा ध्यान नाही तिचं. तुमच्याकडच्या रेंजमधून त्यातलं नंदी, गोळा आणि जेवण एवढंच तुझ्यापर्यंत पोचलं. तू बिरोबाला नारळ बोललीस, वहिनीनं तिच्या माहेरी कळवलं, आणि काल कंपनीच्या बसमध्ये आपल्या गावची एक बाई मला खिडकीची जागा देऊन हळूच विचारत होती, की ऑपरेशन पुण्याला करणार का बारामतीतच. आत्या, तो गोळा लोखंडाचा आहे. गाडीच्या मागं ट्रेलर जोडायला लागतो, तो. फोनवर समजावायला गेले तर तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. आबा उद्या दुधाच्या फेरीला सांगवीला येतील, त्यांच्या हाती देते.

रविवारी व्यापारी मेंढरं बघायला येणार आहे, हे मला ठाऊक आहे. तू का विकतेस तेही ठाऊक आहे. नागेशदादा आणि वहिनी दिवाळीनंतर मेंढरं घाटाखाली चालवत नेतील, पण तुझा गुडघा गेलाय आणि घोडं म्हातारं झालंय. मग नुकती जन्मलेली कोकरं, मेंढरं कोंडायच्या जाळ्यांच्या वाघरी, भांडीकुंडी आणि तू स्वतः कशावरून जाणार? आबांचा पिकअप आहे, पण तो दुधाला लागतो, तळावर आठवडाभर उभा करता येत नाही. मी म्हटलं, गाडी थांबू शकत नसली तरी ट्रेलर थांबू शकतो. दर तीन-चार दिवसांनी आबा फेरी उरकून येतील, बिऱ्हाड पुढच्या तळावर सोडतील आणि गाडी घेऊन माघारी फिरतील. इंदापूरजवळच्या एका रोपवाटिकेवाल्याकडं रोपं न्यायचा ट्रेलर पडून होता, तो त्याच्याच गाडीमागून बारामतीला आणवला. कागद आणि नंबरपाटी मी दोनदा तपासली. त्याची फळी तुझ्या गुडघ्याएवढीच उंच आहे. कोकरू उचलून चढवायला नको, नुसतं ढकललं की आत.

राहिला जोडायचा प्रश्न. ज्ञानेशचं दुकान तुला आठवत असेल, बारामतीत, जिथून आपण घोड्याच्या गळ्यातली साखळी घेतली होती. आता तो ट्रॅक्टरचं सामान विकतो आणि वेल्डिंगही करतो. त्यानं आधी उसाच्या ट्रॉलीला असते तशी कडी आणि पिन दाखवली. ती भक्कम, पण भोक ढिलं. प्रत्येक खड्ड्याला मागून धक्का बसणार आणि आत दोन दिवसांची कोकरं. मग म्हणाला, बंपरलाच वेल्ड करून देतो, अर्ध्या तासाचं काम. यावर आबा बोलले, आणि आबा दुकानात सहसा बोलत नाहीत. "नथीला कुणी दावं बांधतं व्हय, ज्ञानेश?" म्हणून हुक शोभेच्या बंपरला नाही, तर गाडीच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टनं बसवायचा ठरला आणि त्याच्यावर गोळा. ट्रेलरच्या दांडीला पुढं लोखंडी टोपी असते, ती गोळ्यावर बसते आणि खटका लावला की मूठ आवळल्यासारखी धरते. म्हणजे वळणाला वळते, चढाला चढते, पण सुटत नाही. टोपीवर पन्नास असा ठसा होता. ज्ञानेशनं खोक्यातून गोळा काढला, खोक्यावरही पन्नास. बसवला, खटका लागला. आबा गाडीत जाऊन बसलेसुद्धा.

मी पिशवीतून माप घ्यायचा व्हर्नियर काढला. हसू नको. कंपनीत दिवसभर तेच करते मी, नळीचं तोंड मोजायचं आणि बरोबर असेल तरच हिरवी चिठ्ठी चिकटवायची. गोळा तीनदा मोजला. साडेसत्तेचाळीस मिलिमीटरच्या जरासा वर, पन्नास नाही. ज्ञानेश म्हणाला, "ताई, एकोणीस-वीस चालायचंच. मेंढरं न्यायचीत का इमान?" दुकानातली माणसं हसली. माझे कान तापले, खरं सांगते. वाटलं, पैसे देऊन निघून जावं. पण मी म्हटलं, दांडीखाली जॅक लावा. टोपीनं गोळा नीट धरला असेल तर दांडीबरोबर गाडीचं बूडही वर उचललं पाहिजे. त्यानं जॅक लावला, दोन-चार हिसके दिले आणि खाडकन टोपी गोळ्यावरून निसटून वर आली. गाडी जागच्या जागी. कुणीच हसलं नाही. आबा गाडीतून उतरले आणि टोपी हातानं हलवून बघायला लागले. ज्ञानेशनं खोकं उलटंपालटं केलं, दुसऱ्या मापाचा गोळा चुकून त्यात आला असणार म्हणाला, आणि नवा आणला. तो भरला पन्नास. या वेळी जॅकनं गाडीचं बूड उचललं. मग त्यानं आपणहून दोन जाड साखळ्या दिल्या, दांडीखालून कात्रीसारख्या लावायच्या. गोळा सुटलाच तर दांडी जमिनीवर न पडता त्यांच्या झोळीत पडते. निघताना म्हणाला, "ताई, तेवढं ते माप दुकानात ठिवून जा की." मी नाही ठेवलं.

एवढं करून चूक शेवटी माझीच निघाली. पेंडीची पोती भरून आम्ही इंदापूरच्या रस्त्याला चाचणी घ्यायला गेलो. मी शहाणपणानं पोती मागं रचली होती, गोळ्यावर भार नको म्हणून. इतका जपून आणलेला गोळा! तर ट्रेलर शेपूट हलवायला लागला, डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. आबांनी ब्रेक दाबला नाही, नुसती गाडी हळू हळू करत कडेला घेतली. आणि तिथं रस्त्याच्या कडेला मला तू दिसलीस. मी पाच वर्षांची, तू घोड्यावर बोजा बांधतेस आणि मला कोकरं मोजायला लावतेस. तेरानंतर मला पंधरा यायचे, तू परत पहिल्यापासून मोजायला लावायचीस. आणि बोजा बांधताना म्हणायचीस, "वझं मागं ढळलं की घोडं वाकडं चालतंय. पुढं थोडं जास्त." शाळा मला नंतर मिळाली, आत्या, पण माप मी तिथंच शिकले. आम्ही पोती पुढं ओढली. घरी येऊन दांडी वजनकाट्यावर टेकवली. तीनशे किलोला गोळ्यावर तीस-पस्तीस आले, आणि तेवढेच हवे असतात. परत निघालो तर ट्रेलर गाभण मेंढीसारखा शहाण्यानं मागोमाग आला. आबा तुझं नाव घेऊन म्हणाले, "भामीनं इंजिनेर व्हायला पायजे हुतं." हे तुला सांगू नको, असंही म्हणाले.

आता ते सांगते ज्याच्यासाठी एवढं लांबण लावलं. महिन्यापूर्वी तू फोनवर मला विचारलं होतंस. बाकी कुणालाच नाही, मला. "नंदे, तू शिकलेली हायस. तू सांग, इकू का मेंढरं?" आणि मी लगेच म्हटलं, वीक. तू नुसतं बरं म्हणालीस आणि ठेवून दिलंस. त्या दिवशी तू जेवलीस का हे विचारायचंही विसरलीस. मी ते तुझ्या गुडघ्यासाठी म्हटलं नव्हतं, आत्या. मला भीती वाटली. ठेव म्हटलं आणि वाटेत काही झालं, तर ते माझ्यावर येईल अशी भीती. आयुष्यात पहिल्यांदा मी न मोजता हिरवी चिठ्ठी चिकटवली, तीही तुझ्या मेंढरांना. ती मी आज काढून घेते. माझं ते 'वीक' धरू नकोस. विकायचंच असेल तर वीक, मेंढरं तुझी आहेत, पण माझ्या शब्दावर नको. शनिवारी आम्ही ट्रेलर घेऊन सांगवीला येतो. पुढच्या सीटवर गोधडीची घडी टाकली आहे, गुडघा सरळ करता येतो, मी तुझ्याएवढ्या उंचीच्या आईला बसवून बघितलं. कॅनॉलच्या पुलापर्यंत जाऊन येऊ, मग रविवारी व्यापाऱ्याला काय सांगायचं ते सांग. आणि बिरोबाचा नारळ मात्र फोड, नवस फुकट गेला नाही. गोळा पोटात होताच, महिनाभर होता. शनिवारी कोकरं तू चढव. पुढं किती, मागं किती, ते मी सांगणार नाही, नुसती मोजत उभी राहीन. आता तेरानंतर चौदाच येतात.

तुझीच, पंधरावर उडी मारणारी,
नंदी