घरच्यांना कसं सांगावं

शिरपूर जैन, जि. वाशिम
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

प्रिय पवन,

आशीर्वाद. तुझ्या चौकीवर अजून बर्फ पडतच असेल. आईनं विणलेले हातमोजे पोचले का, ते रविवारी फोनवर विचारायचं राहिलं. इथली थंडी सोसण्यासारखी आहे. मेथी चांगली निघाली, मालेगावच्या बाजारात भावही बरा मिळाला. वांग्यांवर थोडी कीड आहे. माल बाजारात न्यायचं काम सध्या शेजारच्या मळ्यातले उकंडरावकाका करतात. मी कॉलेजातून रजा घेऊन नागपूरहून इकडेच आले आहे.

डिसेंबरात विद्यापीठानं माझा सत्कार केला, ते आईनं तुला सांगितलंच असेल. वैद्यक आणि शिक्षणशास्त्र, दोन्हीकडच्या संशोधनात विद्यापीठातल्या इतर कोणाहीपेक्षा माझ्या लेखांचे दाखले जास्त दिले गेले, म्हणून. एका जुन्या लेखाचा तर जगभरातल्या नऊशेवर लेखांत उल्लेख आहे. बाबांना हे समजावताना मजा आली. "दाखला तं तहसीलीत भेटते," ते म्हणाले. मी म्हटलं, बाबा, दुसरे लोक लिहिताना 'हे वैजयंतीनं आधी सांगितलं आहे' असं माझं नाव घालतात. "म्हंजे तू त्यायची साक्षीदार," म्हणाले, आणि खूश झाले. सत्काराला नवं धोतर नेसून आले होते. फोटोसाठी माझ्याजवळ उभे राहिले, तेव्हा त्यांचे डोळे मला पिवळे दिसले.

त्या लेखात काय आहे, ते तुला मी कधी नीट सांगितलं नाही. माणूस बरा होणार नाही, हे घरच्यांना कसं सांगावं, ते डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना शिकवायची पद्धत आहे ती. उभ्यानं सांगायचं नाही, जवळ बसायचं. त्यांना काय माहीत आहे, ते आधी विचारायचं. अवघड शब्द वापरायचे नाहीत. सांगून झालं की गप्प राहायचं. आणि आजारी माणसापासून लपवायचं नाही.

वाशिमच्या दवाखान्यात ऋषिकेश नावाचा एक तरुण डॉक्टर आहे. बाबांच्या तपासण्यांचे रिपोर्ट आल्यावर त्यानं मला आत बोलावलं. बाबा बाहेर बाकावर होते. त्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला आतापर्यंत काय काय माहीत आहे?"

तेव्हाच मला कळलं, हा काय सांगणार आहे ते. त्यानं एकही पायरी चुकवली नाही. सांगून झाल्यावर गप्प बसला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. कॉलेजात हे असंच शिकवलं, एवढंच म्हणाला. पवन, त्यानं सगळं बरोबर केलं आणि मला त्यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. मी त्याचा हात धरून एकच विचारत राहिले, "रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा तर नाही ना?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना माझ्या लेखात एक वेगळं नाव दिलेलं आहे.

बाहेर आले. बाबांनी विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"औषध बदलवलं."

"मंग टमाट्याचे रोपं सांगून ठिवू काय?"

"सांगा."

त्यांनी एसटीतूनच रोपवाटिकेला फोन लावला. रोपं आली. बाबा बांधावर बसून सांगत होते, आई आणि मी लावत होतो.

रविवारी तुझा फोन आला, तेव्हा मी ठरवून शेजारी बसले होते. "मी मस्त आहो, तू तुही ड्युटी पाह्य," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तू विचारलंस, "ताई, बाबाचा आवाज काहून असा येऊन राह्यला?" मी म्हणाले, लाइन खराब आहे.

काल मिरच्या तोडताना आई म्हणाली, "वैजू, घरच्यायले कसं सांगा लागते, थे तू पोरायले शिकवतं ना?"

"हो."

"मंग मले सांग."

मी पुढच्या झाडाकडे सरकले आणि मिरच्या तोडत राहिले. आईचे हात थांबले नाहीत. टोपलं भरल्यावर म्हणाली, "राहू दे. पवनले बोलावून घे."

म्हणून लिहिते आहे. बाबांच्या स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला आहे. नागपूरच्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांनाही रिपोर्ट दाखवले. ऑपरेशन होण्यासारखं नाही. बाबा फार दिवस राहणार नाहीत. हे तुला जवळ बसून सांगायला हवं होतं. तिथं तुझ्याजवळ कोण आहे, तेही मला माहीत नाही.

सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे. ते साहेबांना दाखव आणि मिळेल तेवढी रजा घेऊन निघ.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते. मग ते मला पाणी कुठून फिरवायचं ते समजावू लागतात आणि मी ऐकत बसते. त्यांना ठाऊक असेलही. विचारायची माझी हिंमत नाही.

तू आलास की ते विचारतील, असा मधेच कसा आला म्हणून. सुट्टी मिळाली, असं सांग. सांगताना माझ्याकडे पाहू नकोस.

तुझी,
कोणालाच तोंडानं सांगू न शकलेली
वैजूताई