ती सही माझी नव्हती

प्रिय चिमे,

छकुलीचा खोकला गेला का? फोनवरच विचारलं असतं, पण हल्ली मी फोन हातात घेतला की घरातल्या सगळ्यांचे कान टवकारतात. म्हणून तुमच्या वेगळ्या बिऱ्हाडी न पाठवता तू शिकवतेस त्या बालवाडीच्या पत्त्यावर लिहितेय. एकटी असताना वाच.

मी निवडून आले तेव्हा तू किती नाचली होतीस! त्या नगरसेवकपणाची खरी गोष्ट तुला कधी सांगितलीच नाही. आपण दोघी बहिणी एकाच घराण्यात सुना, तरी लाज वाटली. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तुझ्या थोरल्या दिरांचं, म्हणजे यांचं तिकीट हुकलं आणि आठवड्याभरात माझं नाव पुढे आलं. पोस्टरवर यांचा फोटो माझ्या दुप्पट होता. नगरपालिकेच्या पहिल्या सभेला मी नवीन चपला घालून गेले, तर शिपायाने मला सभागृहाशेजारच्या खोलीत नेऊन बसवलं. मोडक्या खुर्च्या, फिनेलचा डबा, ओल्या फडक्याचा कुबट वास आणि आम्ही सहा जणी. आत आमच्या खुर्च्यांवर आमचे नवरे, दीर, एकीचा तर मुलगा बसलेला. आम्हाला चहा आला, मग हजेरीचं रजिस्टर आलं, सह्या केल्या आणि घरी गेलो. दीड वर्ष मी हेच केलं, चिमे. एकदाही भांडले नाही. उलट, बरं झालं, डोक्याला ताप नाही, असंच वाटायचं. त्या मुकाट बसण्याची आज मला सगळ्यांत जास्त किळस येते.

मग एक दिवस मंडईतल्या बायका घरी आल्या. यांना भेटायला नाही, मलाच. त्यांच्यातली मासळीवाली आवाजाने दणदणीत, पण बोलताना खाली बघत होती. "बाई, बाप्यांसाठी मुतारी आहे, आम्हाला काहीच नाही. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत आम्ही पाणीच पीत नाही," म्हणाली. एकीला त्यापायी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. मी त्याच दिवशी माझ्या हाताने प्रस्ताव लिहिला, मंडईत बायकांसाठी चार संडास, दाराला आतून कडी, आत पाणी. नव्या मुख्याधिकारी बाईंनी तो नीट वाचला आणि मंजुरीसाठी पुढे पाठवला. त्या संध्याकाळी मी चालतच घरी आले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दोन महिने झाले तरी काम सुरू होईना, म्हणून विचारायला गेले. कारकुनाने फाईल उघडली आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. फाईलमध्ये माझंच पत्र होतं. प्रस्ताव मागे घेत आहे, तो निधी स्वागतकमानीला द्यावा. कमान नगराध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची. खाली माझी सही, माझ्यापेक्षाही सफाईदार. घरी येऊन विचारलं तेव्हा हे जेवत होते. घास थांबला नाही. "अगं, नवरा-बायकोत कसली आलीय फसवणूक? तू आणि मी काय वेगळे?" म्हणाले आणि दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढत बसले. मला उठून मोरीवर जावं लागलं. खरंच उलटी झाली.

पुढच्या सभेला मी त्या फिनेलच्या खोलीत गेले नाही. थेट सभागृहात शिरले आणि माझ्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. हे मागे वळेनात. मी मोठ्याने म्हटलं, "उठा. इथे मी बसते." अध्यक्ष हसत म्हणाले, "वहिनी, घरचं घरी मिटवा की!" सगळे खो खो हसले. दारातून आमच्यातल्या पाच जणी बघत होत्या, त्यांतल्या दोघी हसल्या. ते हसणं अजून माझ्या अंगाला चिकटल्यासारखं वाटतं. पण मी उभ्याउभ्याच तक्रार वाचली. ही सही माझी नाही, हे तीनदा म्हटलं. मुख्याधिकारी बाईंनी कागद घेतला, नोंद केली आणि चौकशी लावली. हे उठले, पण मला खुर्ची देण्यासाठी नाही. तावातावाने निघून गेले. मी बसले.

तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. परवा पक्षाचे दोघे टाइप केलेला राजीनामा घेऊन आले, कारण लिहिलेलं, प्रकृती. मी सही केली नाही. त्यांना चहाही विचारला नाही, सासूबाई बघतच राहिल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मी राजीनामा दिला की माझ्या जागी तुला उभं करायचं ठरलंय. भाऊजी तुझ्यापाशी बोलले असतीलच. काल हे सासूबाईंना सांगत होते, "चिमी समजूतदार आहे. मी त्या पत्रावर सही केली तेव्हा समोरच होती. कागद भिजू नये म्हणून तिने पाण्याचा पेला बाजूला घेतला." मी दाराआड होते. रात्रभर तो पेला डोळ्यांसमोरून हलला नाही. मी रागावले होते, खोटं कशाला सांगू? पण दीड वर्ष मीही तेच केलं, मग तुला कोणत्या तोंडाने बोलू? चौकशी गुरुवारी अकरा वाजता आहे. सही करताना पाहणारी तू एकटीच. तू खरं सांगितलंस तर भाऊजी आणि घर तुझ्यावर उलटेल हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझं नाव मी अजून कुणाला दिलेलं नाही. तुझ्या होकाराशिवाय देणारही नाही. येशील? नाही म्हणालीस तरी तू माझी बहीणच राहशील. फक्त भाऊजींच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. जे काही असेल, ते तू स्वतः मला कळव.

तुझीच,
ताई