मान खाली घातलेल्या दोन मिनिटांबाबत

प्रति,
मा. निवाडा अधिकारी,
वाहनकर्ज दलाली तक्रार कक्ष,
बेलफास्ट.

अर्जदार : कु. डिम्फना मॅकगर्क, वय ६१, राहणार स्ट्रबेन, परगणा टिरोन.

विषय : मोटारीच्या कर्जात मला न सांगता घेतलेली दलाली परत मिळणेबाबत, तसेच "ग्राहकाने कागद दोन मिनिटे वाचला" या कंपनीच्या म्हणण्याबाबत खुलासा.

संदर्भ : (१) दि. ६ मार्च २०२० चा करार. (२) कंपनीचे दि. ११ फेब्रुवारी २०२६ चे नकारपत्र.

महोदय,

"दुसऱ्यांच्या दुकानात गेलीस की हात खाली ठेव. प्रार्थना मनात म्हण. देवाला ऐकू येतं, त्यांना दिसायला नको." असे आमची आई सांगत असे. मी तेव्हा सात वर्षांची होते आणि कॅथलिक-प्रॉटेस्टंट दंगलींमुळे रस्त्यांवर शिपाई बंदुका घेऊन उभे असत. आम्ही कॅथलिक. आपण कोणत्या बाजूचे आहात हे मला ठाऊक नाही, आणि इकडे तसे कोणी कोणाला विचारत नाही. आपण प्रॉटेस्टंट असाल तर "दुसऱ्यांच्या" या शब्दाबद्दल क्षमा असावी. तो आईचा शब्द आहे. तो येथे लिहिण्याचे कारण असे, की माझ्या हातून जी चूक झाली ती आईच्या सांगण्याप्रमाणे वागल्यामुळे झाली.

१. मी अविवाहित असून माझा धाकटा भाऊ फेलिम (वय ५७) याच्यासह राहते. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीन वेळा त्याचे रक्त यंत्रावर शुद्ध करून घ्यावे लागते. रुग्णालय डेरीला, येथून पंधरा मैल. रुग्णालयाची गाडी मिळते, नाही असे नाही. परंतु ती सहा जणांना गोळा करत फिरते, आणि परतताना त्याला चक्कर येते. मागे दोनदा चालकाने त्याला आमच्या फाटकाशी उतरवले आणि तो तेथेच पायरीवर बसून राहिला. एकदा पाऊण तास. मी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला गेले होते. त्या दिवसानंतर मी मोटार घेण्याचे ठरवले.

२. मोटार कर्जाने घेतली. सहा वर्षे महिन्याचा हप्ता, आणि शेवटी एकच मोठा हप्ता तीन हजार आठशे पन्नास पौंडांचा. तो भरला तर मोटार आपली, न भरला तर कंपनीची. महिन्याचा एकही हप्ता मी चुकवलेला नाही. मोठा हप्ता येत्या ३१ मार्चला आहे. तेवढे पैसे माझ्यापाशी नाहीत. दलालीपायी जास्तीचे घेतलेले व्याज परत मिळाले, तर तो हप्ता जवळजवळ भागतो. या अर्जात मागणे एवढेच आहे. बाकीचे खुलासे आहेत, आणि ते लिहितानाच मला जास्त धाकधूक होत आहे.

३. करार झाला तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता, आणि ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. पहिल्या शुक्रवारी मी संध्याकाळपर्यंत पाण्यावर असते. रोज पहाटे मिस्सा, दुपारी बाराच्या घंटेची प्रार्थना, रात्री जपमाळ, हा माझा नेम सोळाव्या वर्षापासून आहे. शोरूममध्ये श्री. मर्विन एलियट हे विक्रेते होते. ते प्रॉटेस्टंट आहेत हे नावावरूनच कळते, तसे माझे माझ्या नावावरून त्यांना कळले असणार. वागायला अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी खुर्ची दिली, चहा विचारला, मी नको म्हटले तर का नको हे विचारले नाही. मग त्यांनी कराराचा कागद माझ्यापुढे ठेवला, आणि नेमकी त्याच वेळी टेकडीवरच्या आमच्या चर्चची बाराची घंटा सुरू झाली.

४. महोदय, बाराची घंटा झाली की आमच्यात हातातले काम थांबवून प्रार्थना म्हणतात. घरी असते तर मी उभी राहून हाताने क्रॉसची खूण केली असती. तेथे मी तसे केले नाही. हात मांडीवर ठेवले, मान खाली घातली आणि मनात म्हणू लागले. समोर कागद होता. श्री. एलियट यांना वाटले मी वाचते आहे. ते म्हणाले, "वाचा निवांत, मिस मॅकगर्क. माझा चहा गार झाला तरी चालेल." यावर मी "मी वाचत नाही" असे म्हणायला हवे होते. मी म्हटले नाही. उलट मान आणखी खाली घातली, म्हणजे ओठ हललेले दिसू नयेत. म्हणजे मी प्रार्थना कागदाआड लपवली, हे खरे आहे. घंटा थांबली, मी मान वर केली, आणि "वाचून समजून घेतले" या ओळीखाली सही केली.

५. आता जे लिहिते आहे ते माझ्या विरुद्ध जाईल असे फेलिम म्हणतो. तो म्हणाला, "ते तुला विचारलंय का कुणी? मग? तू कबुलीजबाबाला बसली आहेस की अर्ज लिहायला?" तरी लिहिते. प्रार्थना चालू असताना एका ओळीवर माझी नजर गेली. "विक्रेत्यास कर्ज देणाऱ्या कंपनीकडून मोबदला मिळू शकतो," अशी ती ओळ होती. प्रार्थनेच्या मध्ये दुसरे वाचणे बरे नाही म्हणून मी लगेच डोळे मिटले. तेव्हा मी काहीच पाहिले नाही असे मला म्हणता येणार नाही. ओळ दिसली होती. ती वाचली असे धरायचे की नाही, हे आपण ठरवावे.

६. परंतु ती दिसली होती म्हणूनच मी सही झाल्यावर विचारले. माझा आवाज बारीक आहे, त्यांना दोनदा वाकून ऐकावे लागले. मी विचारले, "व्याज थोडं कमी होईल का? यात तुम्हाला काही मिळतं का?" ते म्हणाले, "मला माझा पगार मिळतो, मिस मॅकगर्क. व्याज कंपनी ठरवते. माझ्या हातात असतं तर तुम्हाला फुकट दिली असती." असे म्हणून ते हसले आणि मीही हसले. आता कंपनीकडून मागवलेल्या कागदांत दिसते, की व्याज शेकडा ४.९ ते ९.९ यांत कितीही लावण्याची मोकळीक शोरूमला होती, आणि जितके जास्त लावावे तितकी दलाली वाढत होती. मला ९.९ लावले. त्यापोटी शोरूमला अकराशे पौंड मिळाले. "मिळू शकतो" या शब्दांत हे कोठे आहे? मी कागद शंभर वेळा वाचला असता तरी मला हे कळले नसते. या मुद्द्याकडे आपण कृपया विशेष लक्ष द्यावे. बाकी सर्व मुद्दे माझ्या भीतीचे आहेत, हा एक हिशेबाचा आहे.

७. कंपनीने नकारपत्रात असे म्हटले आहे : "शोरूममधील विक्रेत्याच्या जबाबानुसार ग्राहकाने संपूर्ण दोन मिनिटे मान खाली घालून कागद लक्षपूर्वक वाचला. न वाचता सही केल्याचे ग्राहकाचे आता म्हणणे असल्यास, करारात त्यांनी जाणूनबुजून खोटे निवेदन केले असा अर्थ होईल व कंपनीचे सर्व हक्क राखून ठेवण्यात येत आहेत." सर्व हक्क म्हणजे कोणते, हे लिहिलेले नाही. मी पत्र दोनदा वाचले आणि देवघरातल्या येशूच्या तसबिरीमागे ठेवले. तीन दिवस ते तेथेच होते. चौथ्या दिवशी फेलिमने ते शोधून काढले आणि म्हणाला, "अगं डिम्फना, प्रार्थना संपल्यावर तू त्या कागदाचा मुकाही घ्यायला हवा होतास. म्हणजे दोन मिनिटांची तीन झाली असती." तो हसला, आणि नंतर त्याला खोकल्याची उबळ आली.

८. तेव्हापासून माझी अवस्था पुढीलप्रमाणे आहे. मोटार मी घरासमोर उभी करत नाही, चर्चच्या सभागृहामागे उभी करते, म्हणजे कोणी न्यायला आले तर सहज सापडू नये. हे लपवणे झाले का, असा मला प्रश्न पडतो, म्हणून पुढच्या काचेवर माझे नाव व घरचा पत्ता लिहून ठेवला आहे. हे वाचून फेलिम म्हणाला की चोरांचीसुद्धा कोणी इतकी सोय बघत नाही. टपालवाला आला की मी न्हाणीघरात जाते. कंपन्यांकडून येणारी, पत्त्यापुरती खिडकी असलेली पाकिटे असतील त्यांवर तीर्थ शिंपडून मग उघडते, त्यामुळे विजेच्या बिलावरची अक्षरे पसरली आणि मला कार्यालयात जाऊन रक्कम विचारावी लागली. दुपारच्या प्रार्थनेला मान खाली घातली की ती कागदाची ओळ दिसते. पंचेचाळीस वर्षांत प्रार्थना अर्धी सोडलेली नव्हती. गेल्या तीन आठवड्यांत ती चार वेळा सुटली. हे नुकसान आपल्या कक्षाच्या कक्षेत येत नाही याची मला कल्पना आहे. नोंद असावी म्हणून लिहिले.

९. फादर मॅकएलहोल्म यांना मी विचारले की न वाचता "वाचले" अशी सही करणे हे पाप किती मोठे. ते म्हणाले, "डिम्फना, या परगण्यात असं पाप न केलेलं माणूस दाखव, मी त्याच्याकडून आशीर्वाद घेतो." मला तेवढ्याने धीर आला नाही. पापाचे ते बघतील. हक्क राखून ठेवणारे फादर नाहीत.

१०. गेल्या गुरुवारी औषधाच्या दुकानात श्री. एलियट भेटले. आता ते निवृत्त आहेत, खुब्याचा सांधा बदलल्यामुळे काठीने चालतात. मला पळून जावेसे वाटले, पण दाराच्या बाजूला तेच उभे होते. ते स्वतःहून म्हणाले, "मिस मॅकगर्क, कंपनीनं विचारलं ते मी सांगितलं. जे पाहिलं तेच सांगितलं. दोन मिनिटं तुम्ही कागदावरून डोळे काढले नाहीत. आमच्याकडे लोक बायबलसुद्धा इतकं मन लावून वाचत नाहीत." ते विनोदाने बोलले. दुकानात चार माणसे होती. मी वाचत नव्हते, काय करत होते, हे तेथे मला सांगता आले नाही. आणि व्याजाबद्दल ते खरे बोलले नव्हते, हे तर मुळीच सांगता आले नाही. मी एवढेच म्हटले, "मी वरच्या अधिकाऱ्यांना लिहिणार आहे. त्यात तुमचं नाव येईल. पाठवण्याआधी तुम्हाला वाचून दाखवीन." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "घरी या. मंगळवारी असतो मी."

११. सबब नम्र विनंती अशी, की (अ) शेकडा ४.९ च्या वर मला जे व्याज भरावे लागले ते परत देण्याचा आदेश व्हावा. (आ) निवाडा होईपर्यंत कंपनीने मोटार नेऊ नये, निदान सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी तरी नेऊ नये. (इ) सहीबद्दल मला काही शिक्षा होणार असल्यास ती मोटार नेऊन न करता मला करावी, कारण मोटारीत बसतो तो फेलिम आहे आणि त्याने कोठेही सही केलेली नाही. (ई) आपल्या कार्यालयातून दूरध्वनी करणे झाल्यास दुपारी बारा ते बारा पाच ही वेळ टाळावी. (उ) उत्तर नकारार्थी असले तरी पहिल्या ओळीतच तसे लिहावे, शेवटपर्यंत वाट पाहायला लावू नये.

१२. श्री. एलियट यांच्यावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. त्या दिवशी त्यांनी मला पायरीपर्यंत हात धरून पोहोचवले होते, कारण मी उपाशी होते आणि माझा तोल गेला. तेही खरे आहे. व्याजाबद्दल ते जे बोलले ते खरे नव्हते, हेही खरे आहे. दोन्ही लिहिले आहे.

आज मंगळवार आहे. फेलिम झोपला आहे, त्याच्या उशाशी पाणी ठेवले आहे. अर्ज आता पाकिटात घालणार आहे, पण पाकीट चिकटवणार नाही. श्री. एलियट नदीपलीकडच्या वस्तीत राहतात. त्या गल्लीत फुटपाथच्या कडा ब्रिटिश झेंड्याप्रमाणे लाल, पांढऱ्या, निळ्या रंगवलेल्या आहेत, आणि एकसष्ट वर्षांत मी तेथे कधी पाऊल ठेवलेले नाही. मोटारीने जाणार नाही, चालत जाते. परिच्छेद चार आणि सहा हे त्यांच्या तोंडावर वाचावे लागतील. माझा आवाज बारीक आहे, त्यामुळे कदाचित दोनदा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

डिम्फना मॅकगर्क
स्ट्रबेन, दि. ३ मार्च २०२६, सकाळी साडेदहा

सोबत :
१. कराराची प्रत.
२. कंपनीचे नकारपत्र (उजव्या कोपऱ्यातील डाग तीर्थाचा आहे).
३. व्याज व दलालीबाबत कंपनीकडून मिळालेले कागद, पाने चार.
४. फेलिमच्या रुग्णालयाचे वेळापत्रक.
५. अर्जातील मजकूर वाचून दाखवल्याबद्दल श्री. मर्विन एलियट यांची सही : ____________
(जागा रिकामी आढळली तरी मी वाचून दाखवायला गेले होते असे समजावे.)