उसना हात, उसना आवाज

रोम, ता. १२ फेब्रुवारी १९६१

ती. आजीस, रोझेनचा सा. न. वि. वि.

तुझा लोण्याचा केक पोचला. वाटेत त्याचा दगड झाला होता. आमच्या रंगभूषेच्या बाईनं विचारलं, तुझ्या आजीनं केक पाठवलाय की होडीचा नांगर? मग कॉफीत बुडवून बुडवून अर्धा तिनंच संपवला.

काम छान चाललंय. या वेळी मी एका बेटावरची कोळीण आहे. पण इथली रीत ऐकलीस तर हसशील. इथे आधी चित्र घेतात आणि आवाज मागाहून भरतात. अंधाऱ्या खोलीत एक बाई पडद्यावरच्या ओठांकडे बघत बोलते, आणि लोकांना वाटतं ते ओठच बोलले. माझ्या आधीच्या सगळ्या इटालियन चित्रपटांत माझ्या तोंडून एल्दा नावाची बाई बोलली आहे. बाई गुणी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण लंडनमध्ये माझं मोडकं इंग्रजी चाललं, स्टॉकहोमला बक्षीस देताना माझ्या आवाजाचं कौतुक झालं, आणि इथे मात्र मी मुकी. परवा पाव घ्यायला गेले, तर दुकानवाली म्हणाली, तुम्ही दिसता हुबेहूब त्या नटीसारख्या, पण आवाज नाही हो तिचा!

म्हणून मी वर्षभर इटालियन घोटलं. आमचे दिग्दर्शक बाल्दासारे म्हणतात, बोलतेस छान, पण परकी वाटतेस. बेटावरची कोळीण परकी कशी चालेल? आवाज कुणाचा ते त्यांनीच ठरवायचं, असा करार आहे. ईस्टरनंतर ठरवणार आहेत. आजी, ही कोळीण मला माझ्या आवाजात हवी आहे. तुला काय वाटतं ते कळव.

फिलोमेनबाईंना नमस्कार. थंडीत धक्क्यावर बसू नकोस. माया आहे तेवढी ठेव, वाढवलीस तरी चालेल.
तुझी रोझेन

दुआर्नने (ब्रिटनी, फ्रान्स), ता. २५ फेब्रुवारी १९६१

चि. रोझेन हिस आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचून समाधान झाले. येथे सर्व कुशल आहे. सार्डिन मासळीचा हंगाम नसल्याने गावात शांतता आहे.

तुझ्या आवाजाविषयी वाचले. मला स्वतःला अक्षर येत नाही. आजवरची माझी सर्व पत्रे शेजारच्या फिलोमेनबाईंच्या हातची आहेत आणि त्यात काहीही बिघडलेले नाही. दुसऱ्याचा हात चालतो, तसा दुसऱ्याचा आवाजही चालत असावा. दिग्दर्शक महाशय काहीसे घाईचे गृहस्थ दिसतात, तरी त्यांच्या अनुभवाचा मान राखावा.

प्रार्थना चुकवू नये. प्रकृतीस जपावे. लोभ अखंड राहावा.
तुझी आजी कोरांतीन

रोम, ता. १४ मार्च १९६१

ती. आजीस, रोझेनचा सा. न. वि. वि.

आजी, तुला बरं नाही का? खरं सांग. लहानपणी पाद्रीबुवांना तोंडावर पोकळ ढोल म्हणणारी माझी आजी कुणाच्या अनुभवाचा मान राखायला कधीपासून लागली?

चूक माझीच. तुझं पत्र आलं तेव्हा सगळे जेवायला बसले होते, आणि मोठ्या तोऱ्यात मी ते सगळ्यांसमोर भाषांतर करत वाचलं. मला वाटलं होतं, तू माझ्या बाजूनं दोन ठेवून देशील. बाल्दासारे इतके खूश झाले, की उठून तुझ्या नावानं प्याला उचलला. म्हणाले, म्हातारी शहाणी आहे, आजीनंच निकाल दिला. आता सोमवारी एल्दाला बोलावणं धाडणार होते. मी कसंबसं ईस्टरपर्यंत थांबवलंय.

रागावले नाहीये. तुला तसंच वाटत असेल तर तसं. पण पत्र वाचताना तू कुठे दिसलीच नाहीस.
तुझी रोझेन

दुआर्नने, ता. २० मार्च १९६१

रोझे, आशीर्वाद बिशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

फिलोमेनला सर्दी झाली, म्हणून तुझं पत्र टपालवाल्या गोनिदेकनं धक्क्यावर उभं राहून वाचलं. त्याचा आवाज म्हणजे धुक्यातला भोंगा. अर्ध्या गावानं ऐकलं. दिग्दर्शकाच्या अनुभवाचा मी मान राखला, हे ऐकून जाळं विणणाऱ्या बाया पोट धरधरून हसल्या. तशीच उठले आणि फिलोमेनच्या दारात गेले.

मी काय सांगितलं होतं, ते आता ती नाक पुसत पुसत शब्दाला शब्द लिहिते आहे. मी म्हणाले होते, तो दिग्दर्शक गाढव आहे. (लिही गं. आधी लिहिलं असतंस तर आज दुसऱ्यांदा लिहावं लागलं नसतं.) आणि म्हणाले होते, दुसऱ्याचा हात चालतो, कारण फिलोमेन माझेच शब्द लिहिते, ज्या दिवशी ती स्वतःचे घालील, त्या दिवशी तिच्या नाकाला खेकडा लावीन. यातलं हात चालतो तेवढं तिनं लिहिलं, आवाजाचं आपल्या मनानं जोडलं आणि खेकडा गाळला!

तिला फार बोलले नाही. तिचं म्हणणं, एवढ्या मोठ्या नटीला आजीचं पत्र धुतलेलं, इस्त्री केलेलं जावं. मनानं चांगली आहे बिचारी. पण बघ, माझंही तुझ्यासारखंच झालं. ओठ माझे, बोलली भलतीच. आणि काय गं, मुलखात नाव काढलेली तू, तुला आजीची बोली ओळखू येऊ नये?

आता कामाचं. त्या गाढवाला विचार, त्याच्या बेटावर परगावची सून कधी आलीच नाही का? मी लग्न होऊन इथे आले ती खाडीपलीकडून. कारखान्यात डब्यांत सार्डिन भरताना आम्ही सगळ्या गायचो, तर माझ्या उच्चारांवर बाया खिदळायच्या, नवी नवी होते तेव्हा रडलेसुद्धा. मग पुढे मुकादमीण म्हणायला लागली, कोरांतीन गात नसली की हात मंदावतात. परकी होते म्हणून काय कोळीण नव्हते? तुझी ती कोळीणही कुणीतरी खलाशानं लांबून आणलेली असू दे. आपल्याकडूनच आणू दे, आपल्या पोरी काय कमी आहेत?

हे पत्रही सगळ्यांसमोर वाच. गाढवासकट.
आता आशीर्वाद. पोटभर.
तुझी आजी
(वरील मजकुरात माझा एकही शब्द नाही. — फिलोमेन)

रोम, ता. २ जून १९६१

ती. आजीस, रोझेनचा सा. न. वि. वि.

लिहायला उशीर झाला, कारण बोलत होते! पत्र वाचलं, गाढवासकट. जेवणाच्या टेबलावरच, सगळ्यांसमोर. बाल्दासारेंनी विचारलं, मग आधीचं पत्र कुणाचं होतं? फिलोमेनबाईंची गोष्ट सांगितली, तेव्हा आधी हसली ती त्या दिवशी जेवायला आलेली एल्दाच. म्हणाली, म्हणजे ती माझ्याच धंद्यातली आहे.

दुसऱ्या दिवशी बाल्दासारे पटकथा लिहिणाऱ्याला घेऊन आले. आता ती कोळीण ब्रिटनीतून आली आहे, आणि सासू तिच्या बोलण्याला हसते असा एक नवा प्रसंग आहे. तो चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंग झालाय, असं तेच सांगत फिरतात, स्वतःला सुचल्यासारखं. अंधाऱ्या खोलीत या वेळी मी उभी राहिले. एल्दा शेजारी उभी राहून चुका सांगायची. घसा बसला, पण आवाज माझा आहे, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

हिवाळ्यात चित्रपट तुमच्या जवळच्या कँपेर शहरात येईल. आवाज इटालियनच राहील, खाली फ्रेंच अक्षरं येतील. एवढंच वाईट वाटतं, आजी, की ती तुला वाचता यायची नाहीत. फिलोमेनबाईंना शेजारी बसव. मी तेव्हा न्यूयॉर्कला असेन, तिकडचं नवं काम आलं आहे. पाहून झालं की कळव. वाट पाहते.
तुझी रोझेन

दुआर्नने, ता. १९ फेब्रुवारी १९६२

चि. रोझेनला आजीचा आशीर्वाद, समुद्रापलीकडे पोचेल एवढा.

काल बसनं कँपेरला जाऊन आलो, मी आणि फिलोमेन. डोक्यावर सणाची टोपी घातली होती. मागचा गृहस्थ कुरकुरला, म्हातारे, टोपी काढ, दिसत नाही. मी म्हटलं, पडद्यावर माझी नात आहे, तू मान वाकडी कर. त्यानं केली.

फिलोमेन कानात वाचून दाखवायला लागली. थोडा वेळ सोसलं. तिकडे तू बोलतेस आणि मध्येच ही कुजबुजते, म्हणजे दोघींचं एकदम ऐकायचं. तिला म्हटलं, तू आपली मनात वाच. मग कान मोकळा झाला. सगळं थिएटर खाली मान घालून अक्षरं वाचत होतं गं. मी एकटी तुझ्या तोंडाकडे बघत होते.

भाषेचं एक अक्षर कळलं नाही. पण सासूला उलट बोलायचं तू गिळलंस, ते कळलं. नवऱ्याची होडी आली नाही तेव्हा शेजारणीला सूप वाढताना तुझा आवाज किंचित खाली गेला, तेही कळलं.

परतताना बसमध्ये मी फिलोमेनला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती म्हणाली, खाली लिहिलं होतं ते असंच होतं, फक्त दोन ठिकाणी तू सांगतेस तसं नव्हतं. मग जरा विचार करून म्हणाली, तिथे लिहिणाऱ्याचंच चुकलं असेल.

तिकडे अमेरिकेत नीट जेव. माया आहे तशीच आहे, तू फक्त मागत राहा.
तुझी आजी कोरांतीन